इजा नोंदवही

सकाळी आठला मी वही उघडते.
तारीख, नाव, वय,
मग 'कशाने', मग 'कुठे'.
'का' हा रकाना छापलेलाच नाही.

माझ्या आधीचे भाऊसाहेब 'कुठे'पुढे लिहायचे: रस्त्यावर.
जसा काही पुण्यात एकच रस्ता आहे.
मी विचारते, कुठला? कुणाच्या दुकानासमोर?
कोपर धरून बसलेला माणूस वैतागतो,
"ताई, आधी टाके घाला, पत्ता मग."
टाके डॉक्टर निमोणकर घालतात.
मला पत्ताच घालता येतो.

धनकवडीत, पिठाच्या गिरणीसमोर,
चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर चार बोटं.
ऑगस्टात एक मनगट, दोन गुडघे.
सप्टेंबरात एक खुबा, एक जबडा,
आणि विघ्नेश कानडे, वय एकोणीस, डबे पोचवणारा,
त्याच्या ओळीला मला लाल शाई लागली.
सहा माणसं, एकमेकांना न ओळखणारी,
फक्त माझ्या पानावर शेजारी.

पत्र लिहिलं. पथ विभाग म्हणाला, मलनिःसारण.
मलनिःसारण म्हणालं, पथ.
तिसऱ्या पत्राला प्रभागाचा नकाशा जोडला
आणि पर्समधल्या पाकिटातल्या सहा टिकल्या,
मरून, मधल्या आकाराच्या,
एकीवर एक चिकटवल्या, कारण जागा एकच होती.
गुरुवारी दोघे जण घमेलं घेऊन आले म्हणे.
टिकल्यांचं कुणी काही बोललं नाही.

डिसेंबरात भाजलेली मुलं येतात.
वय दोन, वय तीन, वय दीड.
कशाने: आंघोळीचं पाणी.
शकीला बागवान, आमची आशाताई,
जनता वसाहतीच्या पायऱ्या चढून दारोदार सांगते,
"बादलीत विसण आधी. कढत नंतर."
एक म्हातारी कमरेवर हात ठेवून हसली,
"आधी घातलं तर ते विसण कसलं गं?
विसण म्हणजे वरून घालायचं. भाषा तरी शीक."
शकीला म्हणाली, "आजी, भाषा तुमची बरोबर.
पण कढत बादली एकटी असते तेवढ्यात
पोरगं भाषा विचारत नाही."
म्हातारीने दार लावलं.
दुसऱ्या दिवशी तिची सून नळावर म्हणाली,
आज सासूबाईंनी गार पाणी आधी ओतलं,
आणि मला दटावलं, कुणाला सांगू नकोस.

मला वाटायचं, वही नीट भरली की झालं.
मग ती आली. तिसऱ्यांदा.
कशाने: जिन्यावरून पडून.
मागची दोन पानं उलटली: जिन्यावरून, जिन्यावरून.
पत्ता प्रत्येक वेळी तोच.
पत्र्याची खोली, ओढ्याकाठी. शकीलाला ती चाळ माहीत आहे.
तिथे वर काही नाही. आभाळ आहे.

पडदा ओढला. स्टूल जवळ घेतलं.
पेनचं टोपण लावलं, तिला दिसेल असं.
विचारलं, "जिना कुठे आहे?"
ती बराच वेळ माझ्या टोपणाकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"जिना सातला येतो. कामावरून."

त्या ओळीत मी 'अपघात' खोडला.
समुपदेशनाच्या बाईंना फोन केला, त्या जेवायला गेल्या होत्या.
पुन्हा केला.
ती थांबली. का थांबली, ठाऊक नाही,
डॉक्टरांनी तिच्यासाठी चहा मागवला होता, कदाचित म्हणून.
पुढचं या वहीत येत नाही,
ते दुसऱ्या वहीत, दुसऱ्या टेबलावर.

संध्याकाळी घरी जाताना गिरणीसमोर सिग्नल नसताना थांबले.
पीठ उडत होतं, कुणाच्या तरी ज्वारीचं.
झाकण रस्त्याशी सपाट,
कडेचं सिमेंट अजून जरा पांढरं.
एक पोरगा डब्यांची पिशवी हँडलला लटकवून,
मोबाइल कानात खोचून, हेल्मेट कोपरात अडकवून
(त्याला थांबवून रागवायचं होतं, जमलं नाही)
त्या झाकणावरून गेला.

चाकाला काही कळलं नाही.
त्याचं नाव मला माहीत नाही.
माहीत व्हायची वेळ न येवो.